थापणं, पाडणं, गाळणं

भाकरी थापतात, विटा पाडतात, ऊस गाळतात, लाडू वळतात, दळण दळतात, गाईच्या धारा काढतात. या सगळ्या कामांत एक गोष्ट सारखी आहे. एकानं भागत नाही. ढिगानं करावं लागतं आणि वेळेत करावं लागतं. तरीही मराठीनं ही कामं एकाच क्रियापदाखाली कोंबलेली नाहीत. थापताना तळहात उघडा असतो, वळताना मूठ अर्धी मिटते, पाडताना साचा उपडा होतो. हाताची प्रत्येक हालचाल भाषेनं टिपली आणि तिचं क्रियापद केलं. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत माझं माहेर, सासर आणि नोकरी झाली. इथं ही क्रियापदं दिवसभर कानांवर पडतात. त्यामुळे त्यांच्याबद्दल मला काही सांगायचं आहे, आणि त्यातलं बरंचसं तक्रारीच्या सुरात येईल.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवायचे. फ्रेझल व्हर्ब्जचा धडा आला की वर्ग कोमेजायचा. चर्न आउट, क्रँक आउट, टर्न आउट, पंप आउट, नॉक ऑफ, डॅश ऑफ, रील ऑफ. सगळ्यांचा अर्थ थोड्याफार फरकानं तोच, भराभर आणि पुष्कळ तयार करणं. ‘आउट’ म्हणजे बाहेर आणि ‘ऑफ’ म्हणजे बंद, एवढं पाठ करून आलेल्या मुलांना हे कोडंच वाटायचं. मग मी फळ्याच्या एका बाजूला ताक घुसळायची रवी काढायचे आणि दुसऱ्या बाजूला विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं हँडल. चर्न म्हणजे घुसळणं. क्रँक म्हणजे आपले आबा पहाटे इंजिनाला मारायचे ते हँडल. सणसर-लासुर्ण्याकडून येणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावर तेव्हा ओळखीचं काहीतरी उमटायचं. इंग्रजीच्या पोटातही कुणाचे तरी दंड भरून आले होते, हे त्यांना पहिल्यांदाच कळायचं.

‘आउट’ आणि ‘ऑफ’चं काम मराठीत दुसरी क्रियापदं करतात, हेही मग सांगता यायचं. आपण ‘लिहून काढ’ म्हणतो आणि ‘लिहून टाक’ म्हणतो. दोन्हींत काम पुरं होतं, पण दोन्ही एक नाहीत. रान खुरपून काढलं म्हणताना बांधापासून बांधापर्यंतची प्रत्येक पात डोळ्यांपुढे येते, वाकलेली पाठ येते. खुरपून टाकलं म्हणताना डोक्यावरचं ओझं उतरलेलं असतं. मुलांना हा फरक शिकवावा लागत नाही. एकदा एका मुलीनं विचारलं, “मॅडम, निबंध लिहून काढायचा का लिहून टाकायचा?” तिला उत्तर माहीत होतं. मी कुठलं देते, तेवढंच तिला बघायचं होतं.

आता तक्रारीकडे येते. हीच क्रियापदं शेतातून, चुलीपासून, भट्टीवरून उठून लिहिण्या-बोलण्याच्या क्षेत्रात गेली की त्यांचा मान उतरतो. कवी भराभर लिहू लागला की तो कविता पाडतो. नाटककार वर्षाला दोन नाटकं देऊ लागला की जिलब्या पाडतो. सदर लिहिणारा रतीब घालतो. सभा लांबली की चर्चेचं गुऱ्हाळ होतं, बोलणं लांबलं की चऱ्हाट वळलं जातं, आणि कुणी मन न लावता नोकरी करत असेल तर तो पाट्या टाकतो. यातला एकही वाक्प्रचार मी नवा सांगत नाही, सगळे आपल्या तोंडी रुळलेले आहेत. पण ज्यांनी आयुष्यभर गुऱ्हाळ चालवलं, रतीब घातला, पाट्या टाकल्या, त्यांच्या घरांतल्या मुलांसमोर उभं राहून इंग्रजीच्या जोडीला हे वाक्प्रचार त्यांच्या अर्थांसह शिकवायचे, हे मला दरवर्षी जड गेलं. ज्यांना त्या कामाची चव ठाऊक नव्हती, त्यांनी त्याचं नाव टाकाऊपणासाठी वापरलं, असं मला वाटत आलं आहे.

गुऱ्हाळच घ्या. चरकातून निघालेला रस काहिलीत येतो. खाली चुलवणात चिपाडाचा जाळ असतो आणि तो घालणारा माणूस काहिलीकडे न बघता नुसत्या आवाजावरून जाळ कमी-जास्त करतो. रस तापू लागला की मळी वर येते. भेंडीचा चिकट रस घालून ती गोळा करतात आणि झाऱ्यानं काढतात. ती नीट निघाली नाही तर गूळ काळा पडतो. पुढचं सगळं गुळव्याच्या हाती. बुडबुडे बारीक आहेत की मोठे, उकळीचा आवाज पातळ आहे की जड, थेंब पाण्यात टाकल्यावर त्याची गोळी होते की तो विरतो, हे बघून तो काहील उतरवायची वेळ ठरवतो. थोडी आधी उतरवली तर गूळ बसत नाही, थोडी उशिरा उतरवली तर करपतो. मग पाक वाफ्यात ओततात, घोटतात, ढेपा भरतात, आणि लगेच पुढचं आधण चढतं. दिवसभर, रात्रभर आधणावर आधण. गुऱ्हाळ लांबतं ते एवढ्यासाठी की ऊस तुटून आलेला असतो आणि तुटलेला ऊस थांबत नाही. ठेवला तर वाळतो, रस आंबतो. या लांबण्यात रिकामटेकडेपणा कुठेच नाही. ज्या चर्चेतून शेवटी ढेप निघत नाही तिला गुऱ्हाळ म्हणणं हा गुळव्यावर अन्याय आहे.

आता गुऱ्हाळं कमी उरली आणि कारखाने आले. बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापुरात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी. हंगाम सुरू होतो तो गव्हाणीत मोळी टाकून, आणि तिथून पुढे गाळप अखंड चालतं. एक टन ऊस गाळावा तेव्हा शंभर-एकशे दहा किलो साखर मिळते, त्यामुळे इथं ढीग हा बोलायचा विषय नसून रोजच्या हिशेबाचा आहे. गाळप किती झालं आणि उतारा किती पडला, हे दोन आकडे चहाच्या टपरीवर पाठ असतात. पहिला आकडा रेटून वाढवता येतो. दुसरा मात्र ऊस कोणत्या वयात तोडला, तोडल्यापासून किती तासांत गव्हाणीत पडला यावर ठरतो. भराभर आणि भरपूर करण्यातही गुणाचा एक काटा असतो, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्यासाठी बीड-नगरकडून आलेली ऊसतोडीची जोडपी थंडीत पहाटे उठून फडात उतरतात. नवरा-बायकोच्या त्या जोडीला कोयता म्हणतात. माणसांना हत्याराच्या नावानं मोजण्याची ही रीत मला कधीच सहन झाली नाही. ती इथं सांगितली, कारण ढिगाच्या कौतुकात ही माणसं झाकली जाऊ नयेत.

पाट्या टाकणं तर याहून जुनं. आज या दोन तालुक्यांत जो ऊस दिसतो तो नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभा आहे. १८७६-७७च्या भीषण दुष्काळानंतर हा कालवा काढायचं काम मार्गी लागलं, भाटघरला वेळवंडी नदीवर धरण बांधलं गेलं, आणि १८८०च्या दशकात या उजाड पट्ट्यात पाणी फिरलं. त्या काळी माती हलवायला माणसाच्या डोक्यावरच्या पाटीशिवाय दुसरं काय होतं? कुदळीनं खणायचं, फावड्यानं ओढायचं, पाटी भरायची, भरावावर नेऊन टाकायची, रिकामी पाटी घेऊन परतायचं. पुन्हा १९७२च्या दुष्काळात हेच झालं. लोक नालाबांधावर आणि पाझर तलावावर माती टाकत होते, रस्त्यावर खडी फोडत होते, आणि संध्याकाळी मिळालेली सुकडी पदराला बांधून घरी नेत होते. काम ब्रासवर मोजलं जायचं. पाट्या टाकल्या नाहीत तर मोजमाप भरत नव्हतं आणि मोजमाप भरलं नाही तर चूल पेटत नव्हती. माझी आत्या त्या कामावर होती. तिच्या टाळूवरचे केस चुंबळ ठेवून ठेवून विरळ झाले होते. ‘नुसत्या पाट्या टाकतोय’ हे वाक्य तिच्यासमोर बोललं गेलं की ती गप्प बसायची, आणि मला त्या बोलणाऱ्याचा राग यायचा. तिनं टाकलेल्या पाट्यांवर पाणी अडलं आहे. तो बांध अजून आहे.

रतीबाचं तेच. आमच्याकडे दूध हा उसाइतकाच मोठा धंदा. पहाटे चारला गोठ्यात दिवा लागतो. वैरण, आंबोण, सड धुणं, धारा, मग कॅन घेऊन डेअरीवर जाणं, फॅट आणि डिग्री लावून घेणं, आणि संध्याकाळी हे सगळं पुन्हा. घरात लग्न असो, मयत असो, धार चुकवता येत नाही, कारण गाय थांबत नाही आणि सड भरून राहिला तर तिला दगडी होते. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत या दुधाचं चीज होतं, भुकटी होते आणि कुठल्या कुठे जाते. पण गावात अजून काही घरी रोजचं दूध पोचवणारा येतो, आणि ज्या घरी लहान मूल आहे तिथं त्याची वाट बघतात. रतीब म्हणजे उद्याही येणार याची खात्री. लेखकाबद्दल अशी खात्री वाटणं ही गोष्ट कमीपणाची कशी, हे मला अजून उमगलेलं नाही. दुधात पाणी घातलं तर बोल लावावा, तो अधिकार गिऱ्हाइकाला आहे. रोज येतं म्हणून बोल लावू नये.

आणि गंमत अशी की ज्या गावात मी हे वाक्प्रचार शिकवले, त्याच गावात मराठीतला एक अत्यंत विपुल लिहिणारा कवी राहून गेला. मोरोपंत पराडकर. जन्म १७२९ साली पन्हाळ्याला, तिथल्याच पाध्ये गुरूंकडे अध्ययन, आणि पुढे वडिलांच्या मागोमाग बाबूजी नाईकांच्या आश्रयाला बारामतीत. नाईक हे पेशव्यांशी सोयरीक असलेले मोठे सावकार. त्यांच्याकडे पंत पुराण सांगत आणि कऱ्हेकाठच्या या गावात बसून लिहीत. १७९४ साली ते इथंच गेले. ‘आर्याभारत’ हे त्यांचं सर्वांत मोठं काव्य, सतरा हजारांवर आर्यांचं. त्याशिवाय ‘केकावली’, भागवतावरची रचना, संतांची चरित्रं, स्तोत्रं. आणि रामायण? एक नव्हे, एकशे आठ रामायणं त्यांच्या नावावर आहेत.

एकशे आठ हा आकडा ऐकून आजचा वाचक दचकतो. पाडणं म्हणतात ते याहून वेगळं काय, असं त्याच्या मनात येतं. मोरोपंतांवर तसे आक्षेप आले आहेतच. भावकवितेच्या कसोट्या घेऊन आलेल्या पिढ्यांना ते कवीपेक्षा कारागीर वाटले. यमकं जुळवणारे, संस्कृत शब्दांच्या माळा ओवणारे. त्याआधी १८५४ साली आलेल्या परशुरामतात्या गोडबोल्यांच्या ‘नवनीता’नं ते शाळेच्या पाठांतरात आणले होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांची बाजू जोरानं मांडली, आणि १९०८ साली ल. रा. पांगारकरांनी त्यांचं सविस्तर चरित्र लिहिलं. एवढं होऊनही आज बारामतीच्या मुलांना ते रस्त्याच्या किंवा सभागृहाच्या नावातून माहीत असतात. कवितेतून फार थोड्यांना.

मी त्यांच्याकडे उशिरा वळले, आणि वळले ती त्यांच्या विपुलतेमुळेच. ती एकशे आठ रामायणं म्हणजे एकच गोष्ट एकशे आठ वेळा सांगणं असतं तर मीही पान उलटलं असतं. पण पंतांनी प्रत्येक वेळी स्वतःला नवं बंधन घालून घेतलं. एकात रामनामाच्या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरं ओळींत विणली. एकात ‘परंतु’ या शब्दाची तीन अक्षरं गोवली. आणि एक निरोष्ठ रामायण लिहिलं, म्हणजे जे म्हणताना ओठाला ओठ लागू नये. प, फ, ब, भ, म ही पाचही अक्षरं वर्ज्य. नीट विचार केला तर यातली अडचण ध्यानात येते. ‘राम’ या नावातच ‘म’ आहे. ज्याचं रामायण, त्याचंच नाव घेता येत नाही. लक्ष्मण नाही, भरत नाही, मारुती नाही. आणि तरी कथा सांगायची, छंदात सांगायची, यमक साधून सांगायची.

वर्गात मी एकदा मुलांना सांगितलं, ओठ न मिटता दोन वाक्यं बोलून दाखवा. ‘मी’ म्हणता येईना, ‘आम्ही’ म्हणता येईना, ‘आपण’ही नाही. वर्ग हसून बेजार झाला. हसू ओसरल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, ह्यांना किती शब्द येत असतील!” मोरोपंतांवरच्या इतक्या टीकाग्रंथांत मला जे मिळालं नव्हतं ते त्या वाक्यात मिळालं. ज्याच्याकडे एका गोष्टीला एकच शब्द आहे, त्याला निरोष्ठ लिहिता येणार नाही. आणि इतके शब्द, इतकी रूपं, वाक्य वळवण्याच्या इतक्या वाटा जिभेवर येतात त्या हजारो आर्या लिहून झाल्यावरच. त्यांची आर्या छंदशास्त्रात बहुतेक गीती ठरते, पहिल्या चरणात बारा मात्रा, दुसऱ्यात अठरा, पुन्हा बारा, पुन्हा अठरा. हा ताल इतका अंगात मुरला की त्यांना मात्रा मोजाव्या लागत नसणार, जशा थापणारीला भाकरीच्या कडा मोजाव्या लागत नाहीत.

शिवाय हे सगळं कुणासाठी होतं तेही बघायला हवं. पुराणिकाला आणि कीर्तनकाराला रोज नवा पूर्वरंग, नवं आख्यान, नवी पदं लागत. सोलापूरचा शाहीर राम जोशी बारामतीत पंतांकडे आला, त्यांच्या आर्या त्यानं कीर्तनातून गावोगाव नेल्या. ऐकणाऱ्यांत अक्षर न येणारेच जास्त. त्यांच्यापर्यंत महाभारत मराठीत पोचवायचं, तेही पाठ राहील अशा घट्ट बांध्यात, हे काम वर्षाकाठी चार निवडक कविता लिहून होणारं नव्हतं. त्याला गाळपच हवं होतं. पंतांची सगळीच कविता थोर आहे असं मी म्हणणार नाही. पुष्कळ ठिकाणी यमक पुढे आणि अर्थ मागे राहतो, ‘आर्याभारता’ची काही पर्वं वाचताना दम लागतो. पण ‘केकावली’ वाचावी. आयुष्याच्या उतारावर लिहिलेली ही देवाची आळवणी आहे, पृथ्वी वृत्तात, मोराच्या केकेसारखी हाक घालणारी. तिच्यात हट्ट आहे, भांडण आहे, लडिवाळपणा आहे. जन्मभर हजारोंनी लिहिलेल्या ओळींनी तो हात तयार केला होता म्हणून त्याला देवाशी इतकं मोकळं बोलता आलं, असं मला ठामपणे वाटतं. आधीच्या ढिगाशिवाय ‘केकावली’ झाली नसती.

भाकरीचं नाव निघालंच आहे तर आषाढीचं सांगते. तुकोबांची पालखी बारामतीहून पुढे काटेवाडी, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी असं करत इंदापूरला जाते. माझं माहेर या वाटेवर. पालखी गावात यायच्या आदल्या रात्री कुठल्या घरी किती भाकरी होणार हे ठरलेलं असायचं. ज्या दिंडीशी ज्या घराचा पिढीजात संबंध, तिची जबाबदारी त्या घराची. पहाटे दोनला चुली पेटायच्या. अंगणात चार-पाच काठवटी मांडलेल्या, प्रत्येकीसमोर एक बाई, मागे पीठ चाळणाऱ्या मुली, जाळ सारणारी आजी. मी त्या रात्रींतच भाकरी शिकले. घरी आई एकेक शिकवत होती तेव्हा जमली नव्हती. चुकलेली भाकरी बाजूला ठेवून तिच्यावर विचार करायला वेळ असला की हात घाबरतो. त्या रात्री वेळच नव्हता. मोडली की गोळा पुन्हा मळायचा, पुढची घ्यायची. काकी म्हणायची, “बघत बसू नगं, थाप.” कधीतरी उजाडायच्या सुमाराला पीठ हाताला चिकटायचं थांबलं, भाकरी काठवटीत आपली आपण फिरू लागली, आणि तव्यावर टाकताना तिला एकही सुरकुती पडली नाही. पाटीत चवड वाढत होती आणि त्यात माझी कुठली, काकीची कुठली, ते ओळखू येईनासं झालं. सकाळी पिठलं, ठेचा आणि त्या भाकऱ्या दिंडीच्या ट्रकवर चढल्या. खाणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नसेल, पुढे चालायचं होतं.

खळ्यावर धान्याची रास मोजताना जुनी माणसं पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन. आमच्या आजोबांच्या रानात कालव्याचं पाणी नव्हतं. जिराईत भागातल्या त्या माणसाला ज्वारीची रास दर चार वर्षांतून एकदा धड पडायची. त्यानं ढिगाला हात जोडले. विपुलतेचा कंटाळा ज्यांना येतो त्यांनी ती तुटवड्यातून येताना पाहिलेली नसते.

सगळंच ढिगानं व्हावं असं मी म्हणत नाही, आणि इंदापूर तालुक्यातच त्याचं उदाहरण आहे. नीरेकाठच्या कळंबला वालचंद हिराचंद यांनी माळरान घेऊन १९३०च्या दशकात साखर कारखाना उभा केला, ते वालचंदनगर झालं. पुढे तिथं साखर कारखान्यांना लागणारी यंत्रं बनू लागली, म्हणजे लाखो पोती काढणाऱ्या गिरण्यांचे रोलर आणि गिअर. तिथंच इस्रोच्या अग्निबाणांचे मोटर केसिंगही घडले. ते पाडता येत नाहीत. एकेक वेल्ड तपासत, महिनोन्‌महिने एकावर काम चालतं. पण ते हात कुठून आले? साखरेच्या यंत्रसामग्रीवर वर्षानुवर्षं वेल्डिंग करून, टर्निंग करून तयार झालेल्या कामगारांच्या गावातून. एका घरात एक भाऊ रोलर घासत होता आणि दुसरा केसिंगवर होता, अशी कुटुंबं माझ्या विद्यार्थ्यांची होती.

हल्ली एका वेगळ्या ढिगाशी गाठ पडते. मोबाइलला सांगितलं की निबंध हजर होतो. विषय बदलला की दुसरा, तिसरा, पाहिजे तेवढे. शेजारपाजारची मुलं अजून वह्या घेऊन माझ्याकडे येतात, त्यांतले बरेच निबंध असे असतात, आणि ते वाचताना मला मोरोपंतांवरच्या जुन्या आक्षेपांची आठवण येते. आक्षेप घेणाऱ्यांना जे नकोसं वाटत होतं ते खरं तर इथं आहे. संख्या आहे, वेग आहे, पण लिहिणाऱ्याचा हात जिथं होता तिथंच आहे. शंभर निबंध बाहेर पडले आणि मुलाला एकही नवा शब्द लागला नाही. काठवटीजवळ कुणी बसलंच नाही. यंत्राला मी दोष देत नाही. अर्ज, पत्र, माहिती अशा कामांना ते खुशाल वापरावं. आमच्या गावातल्या कितीतरी माणसांचे अर्ज आजवर दुसऱ्याच्या अक्षरांत गेले आहेत, त्यांना आता स्वतः ते करता येईल. पण शिकणाऱ्या मुलाच्या वाटची मोडलेली भाकरी त्याच्याकडून काढून घेऊ नये, एवढं मी पालकांना कळवळून सांगते.

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या गल्लीतली एक दहावीची मुलगी रोज संध्याकाळी एक पान लिहून आणते. विषय तिचाच : शाळेत काय झालं, आजी काय बोलली, ऊस तोडणाऱ्यांच्या कोपीवर काय शिजत होतं. सुरुवातीची पानं कच्ची होती, सगळी वाक्यं ‘होते’वर संपणारी. मी लाल शाईनं खुणा करायचे आणि वही परत द्यायचे. त्यात चांगलं पान कुठलं, वाईट कुठलं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. मध्यंतरी तिनं विचारलं, “काकू, किती पानं झाली की निबंध चांगला येतो?” मी तिला बारामतीच्या पंतांचं निरोष्ठ रामायण काय होतं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं ‘प’ वर्गातलं एकही अक्षर नसलेली चार ओळींची गोष्ट लिहून आणली, आजीची. ‘आई’ चाललं होतं, ‘बाबा’ जमले नव्हते, म्हणून वडिलांना तिनं ‘घरधनी’ केलं होतं आणि तिथं अडखळून ‘दादा’ लिहिलं होतं. त्यातल्या दोन ओळी खऱ्याच चांगल्या होत्या. मी त्यांच्याखाली रेघ मारली आणि पुढचं पान उद्या आण म्हटलं.